स्पर्धेच्या आदल्या रात्री मालिश करावं का?

प्रश्न : मुलगी ५००० मीटर धावते. पुढच्या महिन्यात राष्ट्रीय स्पर्धा आहे. गावातले जुने पैलवान म्हणतात, आदल्या रात्री मांड्या-पोटऱ्या रगडून घ्या, साचलेलं ॲसिड निघून जातं. ऐकावं का?
– एक पालक, पूर्णा

उत्तर : मालिश करा, पण आदल्या रात्री रगडू नका. लॅक्टिक ॲसिड साचून राहत नाही. धावणं थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर ते स्वतःच वापरून टाकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय दुखतात ते स्नायूंच्या सूक्ष्म इजेमुळे. मालिशने ती ठणक थोडी कमी होते, अंग मोकळं वाटतं, झोपही बरी लागते. वेग मात्र वाढत नाही.

पैलवानांचा अनुभव खोटा नाही. पण तालमीतलं मालिश रोजच्या मेहनतीचा भाग असतं, शरीर त्याला सरावलेलं असतं. सवय नसलेल्या पायांवर कोपराने जोर दिला की स्नायू दोन दिवस दुखरे राहतात. म्हणून जोराचं मालिश स्पर्धेच्या चार-पाच दिवस आधी उरका. आदल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं हलक्या हाताने पुरे. आणि नवा माणूस, नवं तेल आता नकोच.

पूर्णा जंक्शनवरून लांबचा प्रवास असेल तर तिला गाडीत अधूनमधून उठून चालायला लावा. मालिशपेक्षा मी त्यालाच जास्त महत्त्व देईन.

नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येत असेल, तर तिथे मालिश अजिबात नको. हाडाला बारीक चीर असू शकते. आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.