पैशाची तारीख

वाचन : लूक १४:२८-३०

"शेअर बाजार आता काय करील?" हा प्रश्न हल्ली उपासना संपल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवरही ऐकू येतो. पूर्वी असे नव्हते. शेअर म्हणजे मुंबईच्या दलाल स्ट्रीटवरील धनिकांचा व्यवहार. नोकरदार माणसाचा संबंध पोस्ट, प्रॉव्हिडंट फंड आणि विमा ह्यांच्यापलीकडे जात नाही, अशी आपल्या वडीलधाऱ्यांची समजूत होती. आता काळ बदलला आहे. दरमहा पाचशे-हजार रुपयांची म्युच्युअल फंडातील वर्गणी, जिला सर्वजण एसआयपी म्हणतात, ती शाळेतल्या शिपायाचीही असते व इस्पितळातील परिचारिकेचीही असते. म्हणून बाजार दोन दिवस पडला की घरोघर चिंता सुरू होते. ह्या चिंतेतून योग्य प्रश्न कोणता विचारावा, एवढाच प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

प्रथम आमच्या मंडळीतील एक हकिकत सांगतो. एक गृहस्थ जानेवारी २००८ मध्ये नोकरीतून निवृत्त झाले. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हाती आले. त्यांतील चार लाख रुपये धाकट्या मुलीच्या लग्नाकरिता त्यांनी बाजूला काढले. लग्न नोव्हेंबरात ठरले होते. त्या दिवसांत सेन्सेक्स २१,००० ला टेकला होता व वर्तमानपत्रांत त्याखेरीज दुसरा विषय नव्हता. भाच्याने सुचविले, "मामा, बँकेत ठेवून काय मिळणार? दहा महिन्यांत लग्नाचा निम्मा खर्च निघेल." चार लाख शेअरच्या फंडात गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस सेन्सेक्स ८,००० च्याही खाली उतरून आला आणि त्यांचे चार लाख पावणेदोन लाखांवर आले. एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले व म्हणाले, "सर, तुम्ही गणित शिकवता. बाजार पुन्हा वर येईल की नाही, एवढेच सांगा." मी म्हणालो, "येईलही, काका. पण लग्न तर पुढच्या महिन्यात आहे." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी फंड विकला, उरलेल्या रकमेकरिता पतसंस्थेचे कर्ज काढले आणि लग्न पार पाडले. ते कर्ज फेडण्यात त्यांच्या पेन्शनची चार वर्षे गेली.

बाजार वर आला नाही काय? आला. नोव्हेंबर २०१० मध्ये सेन्सेक्स पुन्हा २१,००० च्या घरात होता. काकांनी फंड वाईट निवडला होता असे मला आजही वाटत नाही. भाच्यालाही दोष देणे कठीण आहे. त्याने त्या वेळी सर्व जग बोलत होते तेच सांगितले. चूक निराळीच होती. ज्या पैशावर तारीख लिहिलेली होती तो पैसा त्यांनी अशा ठिकाणी ठेवला, की जेथे तारीख कोणालाच देता येत नाही.

हा मुद्दा नीट लक्षात यावा म्हणून बाजाराच्या पडझडी शेजारी शेजारी ठेवून पाहू. २००८ मध्ये पडलेल्या बाजाराला मूळ जागी परतण्यास जवळजवळ तीन वर्षे लागली. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२,००० च्या वर होता. कोरोनाच्या साथीने २३ मार्च २०२० ह्या एका दिवसात तो ३,९३४ अंकांनी पडून २६,००० च्या खाली गेला. घरात कोंडलेल्या लोकांना वाटले, आता हा दहा वर्षे उठत नाही. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात तो पुन्हा ४२,००० ओलांडून गेला. म्हणजे एकदा तीन वर्षे, एकदा दहा महिने. आता जपानकडे पाहा. तेथील निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर होता. ती पातळी पुन्हा ओलांडावयास २२ फेब्रुवारी २०२४ हा दिवस उजाडावा लागला. चौतीस वर्षे! १९८९ मध्ये चाळीस वर्षांचा असलेला माणूस तोवर चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला. तेव्हा "बाजार शेवटी वरच येतो" हे वाक्य ऐकले की पुढचा प्रश्न विचारावा, "कधी?" आणि ह्याचे उत्तर देणारा भेटला, तर त्याच्यापासून चार पावले दूर राहावे.

बाजाराची तारीख आपणांस कळत नाही. परंतु आपल्या गरजेची तारीख पुष्कळदा कळते. मुलाची कॉलेजची फी जून-जुलैत भरावयाची आहे, घरावर पत्रे पावसाळ्यापूर्वी घालावयाचे आहेत, निवृत्ती अमुक वर्षी आहे. लूकच्या शुभवर्तमानातील बुरूज बांधणाऱ्याचा दाखला आपण शिष्यत्वाविषयी शिकवितो व ते योग्यच आहे. पण प्रभूने त्यासाठी घेतलेले उदाहरण साध्या व्यवहारातले आहे, हे विसरू नये. तो मनुष्य आधी खाली बसतो आणि काम तडीस जाईल इतके आपल्याजवळ आहे की नाही, ह्याचा हिशेब करतो. त्याचा हिशेब आपल्या कामाचा आणि आपल्या पैशाचा आहे. बाजारभावाचे भाकीत त्यात नाही.

तर हिशेबास बसू या. वहीत आधी रकमा लिहू नयेत, तारखा लिहाव्यात. आज ना उद्या अचानक लागेल असा पैसा, म्हणजे आजार, नोकरी जाणे, गावाकडून आलेला फोन, ह्याची तारीख "केव्हाही" अशी आहे. घरखर्चाच्या सहा महिन्यांइतकी रक्कम तरी बचत खात्यात वा लगेच मोडता येईल अशा ठेवीत असावी. पुढील चार-पाच वर्षांत ठराविक वेळी लागणारा पैसा बँकेच्या मुदत ठेवीत, पोस्टाच्या आवर्ती ठेवीत किंवा पाच वर्षांच्या राष्ट्रीय बचत पत्रात राहावा. मुदत खर्चाच्या तारखेआधी संपेल असे पाहावे. ज्याला सात-दहा वर्षे हात लावावयाचा नाही, तेवढाच पैसा शेअर बाजारात जाण्यास मोकळा आहे. आणि ह्या सर्वांच्या आधी एक गोष्ट : क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती प्रथम फेडावी. तिच्यावर महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला छत्तीसच्या घरात व्याज लागते. इतके उत्पन्न भरवशाने देणारा कोणताही फंड नाही.

येथे कोणी म्हणेल, मग सर्वच पैसा ठेवीत ठेवून निश्चिंत का राहू नये? ही दुसऱ्या बाजूची चूक आहे व आपल्या मंडळ्यांत तीच अधिक आढळते. महागाई वर्षाला सहा टक्के असेल, तर वस्तूंच्या किमती सुमारे बारा वर्षांत दुप्पट होतात. (७२ ला टक्केवारीने भागावे, म्हणजे वर्षे मिळतात, वर्गात मुलांना हे फार आवडते.) साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या बाईंना ऐंशीव्या वर्षीही किराणा व औषधे घ्यावयाची आहेत. त्या पैशाची तारीख वीस वर्षे दूर आहे. तो सर्वच्या सर्व ठेवीत ठेवला तर आकडा तोच राहील, पिशवी मात्र निम्मीही भरणार नाही. व्याजाचा दरही कायमचा नसतो. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, ज्यास आपण पीपीएफ म्हणतो, तो १९६८ मध्ये सुरू झाला. १९८६ पासून १९९९ पर्यंत त्यावर बारा टक्के मिळत. त्या हिशेबावर म्हातारपण आखलेल्यांनी पुढे एप्रिल २०२० मध्ये तोच दर ७.१ टक्क्यांवर आलेला पाहिला.

आता एसआयपीविषयी. दरमहा ठराविक रक्कम घातली की धोका राहत नाही, असा एक गोड गैरसमज पसरला आहे. फळ्यावर गणित करून पाहावे. दरमहा एक हजार रुपये घालतो. पाच महिन्यांत युनिटचा भाव अनुक्रमे ५०, ४०, २५, ४०, ५० रुपये असा होतो. तर युनिटे मिळतात २०, २५, ४०, २५ व २०, एकूण १३०. घातले ५,००० आणि शेवटी किंमत झाली ६,५०० रुपये. भाव जेथून निघाला तेथेच परतला, तरी फायदा झाला, कारण स्वस्ताईत जास्त युनिटे मिळाली. म्हणून बाजार पडल्यावर हप्ता बंद करणे हे बहुधा चुकीचे. पण तिसऱ्या महिन्यातच पैशाची गरज पडली असती तर? तेव्हा हाती ८५ युनिटे, भाव २५; म्हणजे घातलेल्या ३,००० चे २,१२५ रुपये. गणित तेच, फंड तोच. फरक केवळ तारखेचा.

ह्यातूनच पुढची गोष्ट निघते व ती फारच थोडे लोक पाळतात. दूरची तारीख वर्षागणिक जवळ येते. मुलगी पाच वर्षांची असताना तिच्या शिक्षणाकरिता सुरू केलेला शेअरचा फंड ती पंधरा वर्षांची झाल्यावर तसाच ठेवावयाचा नसतो. तीन वर्षे आधीपासून दरवर्षी एक हिस्सा काढून ठेवीत आणावा. बाजार तेजीत असताना हे करणे जड जाते, शेजारी हसतातही. हसू द्यावे.

"सुरक्षित" हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. १९६४ साली सुरू झालेली युनिट ट्रस्टची यूएस-६४ योजना पुष्कळ कुटुंबांना बँकेसारखीच वाटे. निवृत्तांचे, विधवांचे पैसे तीत होते. २ जुलै २००१ रोजी ट्रस्टने सहा महिन्यांकरिता तिची खरेदी-विक्री थांबविली. शासनाने पुढे २००३ मध्ये युनिटांच्या बदल्यात ६.७५ टक्के व्याजाचे करमुक्त रोखे दिले, तेव्हा पैसा अगदीच बुडाला असे नाही. पण ज्यांची तारीख जुलै २००१ होती, त्यांच्या ते काय कामाचे? सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना आरंभी केवळ एक हजार रुपये काढता येत होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवीवर, मुद्दल व व्याज मिळून, दर ठेवीदारास दर बँकेमागे पाच लाखांपर्यंत विमा आहे. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थांना मात्र नाही. बेळगावपासून इंदूरपर्यंत आपले अनेक लोक गल्लीतील पतसंस्थेत एक-दीड टक्का जास्त मिळतो म्हणून सारी पुंजी ठेवतात, त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. संस्था चांगली नाही असे म्हणणे नाही. परंतु "केव्हाही" लागणारा सगळा पैसा एकाच ठिकाणी नसावा.

तरुणांपैकी काहीजण मोबाइलवर फ्यूचर्स व ऑप्शन्स खेळतात आणि त्याला गुंतवणूक म्हणतात. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत अशा एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या, आणि सरासरी तोटा खर्चासह सुमारे दोन लाख रुपये होता. येथे तारखेचा हिशेबच चालत नाही, कारण करार आठवड्यात किंवा महिन्यात संपतो व वाट पाहण्याची मुभाच नसते. ह्याहून अधिक ह्या विषयावर लिहावेसे वाटत नाही.

मंडळीच्या पैशालाही हीच रीत लावावी. इमारत निधी छपराकरिता असेल व काम पुढील वर्षी असेल, तर तो मुदत ठेवीतच राहावा, मग तरुण संघ कितीही आग्रह करो. शिवाय ट्रस्टचा पैसा कोठे गुंतवावा ह्यावर कायद्याची बंधने असतात. खजिनदारांनी ठराव मांडण्यापूर्वी ती पाहावीत. देणारी विधवा आपले शंभर रुपये छपरासाठी देते, बाजाराची परीक्षा पाहण्यासाठी नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांकरिता : मोठ्या मुलांच्या वर्गात हा पाठ घेताना भाषण थोडे करावे. प्रत्येकास एक कोरा कागद द्यावा व घरातील येत्या पंधरा वर्षांतील मोठे खर्च, महिना आणि वर्ष ह्यांसह, लिहावयास सांगावे; रक्कम लिहू देऊ नये. घरची मिळकत कोणी सांगू लागल्यास प्रेमाने थांबवावे. मग प्रत्येक खर्चापुढे "ठेव" किंवा "बाजार" असा एकच शब्द लिहवावा व कारण विचारावे. वरील एसआयपीचे गणित फळ्यावर दोनदा करावे, एकदा पाचव्या महिन्यापर्यंत व एकदा तिसऱ्यावर थांबून. ज्या खर्चापुढे तारीख लिहिता आली नाही, तो घरी आईवडिलांना विचारून पुढील रविवारी कागद परत आणावयास सांगावे.