'पडलंय' म्हणतात तेव्हा

पन्हाळा भागातल्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात माझी बरीच नोकरी झाली. गडावर घसरलेली, कोयता लागलेली, चुलीपाशी भाजलेली पोरं इथं रोजचीच. त्यांतच एखादं कुणीतरी मारलेलं असतं. ते ओळखण्याचं ऑनलाइन प्रशिक्षण आम्ही सिस्टरांनी मोबाइलवर घेतलं. त्यातून आणि नंतरच्या ड्युट्यांतून जे पक्कं झालं, ते नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. हकिगत आणि जखम जुळते का, ते आधी बघा.
"पोरगं पडलंय ओ सिस्टर" एवढ्यावर थांबू नका. कुठनं पडलं, कशावर, किती वाजता, जवळ कोण होतं? नेदरलँड्समधल्या रुग्णालयांनी यासाठी सहा प्रश्नांचा छोटा तक्ता केला आहे. सांगणं दर वेळी तेच आहे का? दवाखान्यात आणायला विनाकारण उशीर झाला का? त्या वयाच्या मुलाला असं लागू शकतं का? मूल आणि सोबतचं माणूस एकमेकांशी कसं वागतात? डोक्यापासून पायापर्यंत तपासल्यावर जे दिसलं, ते हकिगतीशी जुळतं का? आणखी काही खटकतंय का?

२. वय विचारून मग जखम वाचा.
चालत्या पोराच्या नडगीवर, गुडघ्यावर, कपाळावर खरचटलेलं असायचंच. पण चार वर्षांखालच्या मुलाच्या छाती-पोटावर, पाठीवर, कानावर किंवा मानेवर काळंनिळं दिसलं, तर डॉक्टरांना लगेच बोलवा. चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर तर कुठंही असं दिसलं तरी बोलवा. जे अजून पालथंही पडत नाही, ते आपणहून कशावर आदळणार? भाजण्याचंही तसंच. चहा सांडला तर डाग वेडेवाकडे उठतात, शिंतोडे दिसतात. दोन्ही पायांवर मोजा घातल्यासारखी सरळ रेघ दिसली, की प्रश्न वाढवा.

३. जे मारलेलं नसतं, तेही ओळखायला शिका.
आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या कमरेखाली जन्मतःच निळसर डाग असतात; ते मारल्याचे वळ नव्हेत. रक्त नीट न गोठण्याच्या आजारातही सहज काळंनिळं पडतं. बिब्ब्याचा डाग घरच्यांनी औषध म्हणून दिलेला असतो. मारण्याचा हेतू नसला तरी इजा खरी, म्हणून नोंद होतेच.

४. मुलाला एकानेच, एकदाच विचारा.
"वजन करू या, चल बाळा" म्हणून जरा बाजूला घ्या. "काय झालं?" एवढं विचारा आणि गप्प राहा. "बाबांनी मारलं का?" असं विचारून उत्तर त्याच्या तोंडी घालू नका. ते जे बोलेल, ते त्याच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवा.

५. कायदा पाठ ठेवा.
पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली, तरी कलम १९ नुसार पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करते, आणि उपचार पोलिसांच्या कागदासाठी अडवून ठेवायचे नसतात. मारहाण, उपासमार, हेळसांड असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आणि बालकल्याण समिती आहेच.

६. गावच्या ओळखीला नियमाने उत्तर द्या.
इथं निम्मे पेशंट ओळखीचे. "घरातलं घरातच मिटवू" म्हणत कुणीतरी मोठं माणूस येतंच. तेव्हा वाद घालू नका. "हे सगळ्यांनाच लागू आहे, दादा" म्हणा आणि पुढचं बोलणं डॉक्टरांवर सोपवा. ऊसतोड मजुरांच्या मुलांचं वेगळं असतं. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की टोळी निघून जाते. म्हणून फडाचा पत्ता पुरत नाही. मूळ गाव, तालुका आणि मुकादमाचं नाव पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

७. प्रशिक्षण एकटीने उरकू नका.
नेदरलँड्समध्येच अपघात विभागातल्या परिचारिकांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली आले. ऑनलाइन धडे घेतलेल्यांनी नमुना प्रसंगांत अधिक चांगले प्रश्न विचारले. पण चिडलेल्या बापासमोर आवाज शांत कसा ठेवायचा, ते स्क्रीनवर जमत नाही. त्यासाठी दोघींनी बसून एकीने पालक व्हावं, दुसरीने सिस्टर. आणि ओव्हर देताना खटकलेली केस पुढच्या ड्युटीला तोंडाने सांगावी.

८. निकाल देणं आपलं काम नव्हे.
"उगाच कुणाच्या घरावर बालंट नको" ही भीती प्रत्येकीला वाटते. पण आपण कुणाचं नाव घेत नाही. दिसलं ते लिहितो, खटकलं ते कळवतो. शोध घ्यायला पोलीस आणि समिती आहेत. शंका खोटी निघाली तर चांगलंच झालं. खरी निघाली, तर त्या पोराच्या बाजूने पहिला कागद आपल्या हातचा असतो.