रोटरी उघडण्याआधी

ऐक पोरा. इंजिन तापतंय म्हणून ते उघडायला निघाला असशील, तर पाना खाली ठेव. घरी बांधलेल्या विमानांत माझदाची १३बी ही रोटरी बसवणाऱ्यांनी त्या इंजिनाला जितक्या शिव्या घातल्या, त्यांतल्या बहुतेक पाइपांना, तारांना आणि काउलिंगला पडायला हव्या होत्या. आत आहे काय? ६५४ सीसीचे दोन रोटर आणि एक शाफ्ट. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, कनेक्टिंग रॉड नाहीत. ते सगळं माझदाने जुळवलंय. त्याच्याभोवतीचं मात्र तू जुळवलंयस, तेव्हा संशय आधी तुझ्या कामावर घे.

तापण्याचंच आधी बघू, कारण तुझा सगळ्यात जास्त वेळ तेच खाणार. तुझ्या शेजाऱ्याचं लायकमिंग हवेने थंड होतं. तुझं पाण्याने आणि तेलाने होतं, आणि रोटरीत तेलाचा वाटा मोठा असतो. रोटर आतून तेलानेच थंड होतात. बाहेर टाकायच्या उष्णतेतली साधारण एक तृतीयांश तेलातून जाते. लोक काय करतात, पाण्याचा रेडिएटर झोकात बसवतात आणि ऑइल कूलर उरलेल्या जागेत कोंबतात. मग चढताना तेलाचा काटा वर जातो आणि दोष रोटरीला लागतो.

कूलर मोठा घेतलास तरी भागेलच असं नाही. कडेला बोटभर फट मिळाली की हवा जाळीतून जायची नाही, फटीतूनच जाईल. तेव्हा आधी फटी बुजव. डक्टचं तोंड लहान ठेव आणि पुढे तो हळूहळू रुंद होऊ दे. एकदम रुंद केलास तर हवा भिंत सोडून तिथेच घुमत राहते. पण खरी गोम बाहेर पडायच्या वाटेत असते. धुराडं बुजलेल्या चुलीत फुंकून काय होणार? ओशकॉशच्या मेळ्याला जुलैत गेलास, तर लोक विमानांची पुढची तोंडं बघत उभे असतील. तू वाकून काउलिंगच्या मागची वाट बघ. कोणाचं डोकं चाललंय ते तिथे कळतं.

अंदाजावर राहू नकोस, मोज. एक जुना एअरस्पीड इंडिकेटर घे. कूलरच्या पुढच्या बाजूची बारीक नळी त्याच्या पिटोच्या तोंडाला लाव, मागच्या बाजूची स्टॅटिकला. उडताना काटा जे दाखवेल तो जाळीच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक. काटा हलतच नसेल तर जाळीतून हवा जातच नाही. मग मागची नळी काढ आणि पुढचा दाब केबिनच्या हवेशी ताडून बघ. पुढे दाब भरपूर असेल, तर अडलंय मागे. आणि हे उडतानाच कर. जमिनीवर उभ्या विमानात इंजिन तापणारच, त्यावरून काही ठरवू नकोस.

तापमानाचा काटा कधी फसवतो, तेही सांगतो. पाणी गळून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. वैमानिक खूश! म्हणून पाण्याच्या दाबाचा वेगळा सेन्सर लाव. दाब गेला म्हणजे पाणी गेलं. थंड इंजिन सुरू करताना पांढरा धूर येत असेल आणि हवा नीट काढूनही टाकीत बुडबुडे येतच राहिले, तर आतलं पाण्याचं सील गेलंय. तेव्हा मात्र पाना उचल.

उन्हात उभं करून पुन्हा सुरू केलं की आचके देतंय? पेट्रोलची वाफ होतेय. इंजेक्शनचे पंप ढकलतात जोरात, पण ओढायला कच्चे. त्यांना फायरवॉलच्या मागे, खाली, गारव्यात बसव. उरलेलं पेट्रोल ज्या टाकीतून आलं तिलाच परत जायला हवं, नाहीतर डावीतून ओढशील आणि उजवी व्हेंटमधून सांडेल. ऑइल मीटरिंग पंप काढून टाकला असशील, तर रोटरच्या सीलसाठी पेट्रोलच्या गॅलनला साधारण एक औंस टू-स्ट्रोक ऑइल मिसळ.

थंड इंजिन सुरू करून, दहा पावलं विमान सरकवून लगेच बंद करू नकोस. सीलवरचं तेल पेट्रोल धुऊन नेतं, कॉम्प्रेशन जातं आणि मग ते सुरूच होत नाही. तसं झालंच तर इंजेक्शन बंद कर, प्लग काढ, स्टार्टरने फिरवून पेट्रोल बाहेर काढ, थोडं तेल सोड. प्लग बाहेर आहेतच, तर कान लाव: प्रत्येक रोटरचे तीन फुसकारे सारखे यायला हवेत. साध्या गेजवर भरवसा ठेवू नकोस; तो तिघांतला सगळ्यात चांगलाच दाखवतो. प्लग परत लावताना खालचे लीडिंग, वरचे ट्रेलिंग. तारा उलट झाल्या तरी इंजिन चालतं, पण जीव नसल्यासारखं.

मॅग्नेटो नाही, तेव्हा वीज गेली की इंजिन गेलं. दोन बॅटऱ्या, दोन पंप, आणि दोघांच्या तारा शेवटपर्यंत वेगळ्या. सायलेन्सरला प्रत्येक उड्डाणानंतर, थंड झाल्यावर, ठोकून बघ. रोटरीचा एग्झॉस्ट फार गरम आणि फार आडदांड. आतला पत्रा सुटून तोंडाशी अडकला की ताकद गुपचूप जाते.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. वहीत बाहेरचं तापमान लिही, नाहीतर जानेवारीतलं यश तू आपल्या डक्टच्या नावावर मांडशील.

सर्टिफाइड इंजिन-प्रोपेलरला चाचणीचे २५ तास पुरतात, तुझ्यासारख्याला एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान खातं, साधारण ४० देतं. ते सगळे धावपट्टीच्या टप्प्यात राहून काढ. तेल तापलं तर नाक खाली घे, वेग वाढव, थ्रॉटल मागे ओढ. तरी काटा उतरला नाही, तर उतर.