चार वर्षांच्या मुलाने एबीसीडी लिहावी की मातीचा बैल करावा?

प्रश्न : माझा मुलगा चार वर्षांचा आहे, गावच्या अंगणवाडीत जातो. तिथल्या ताई मुलांना मातीचे बैल करायला लावतात, फरशीवर खडूने रेघोट्या मारू देतात. शेजारची मुलगी कॉन्व्हेंटला जाते, ती याच वयात ए ते झेड लिहून दाखवते. सासूबाई म्हणतात, आपलं पोरगं मातीतच राहील. चित्रं, मातीकाम यांनी मुलाचं खरंच काही भलं होतं का, की नुसता टाइमपास? — एक आई, लाखनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : भलं होतं, आणि ते हातापासून सुरू होतं. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि पुढे वर्षानुवर्षे एकेक करून पक्की होत जातात. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यातली निम्म्याच्या आसपासच दिसतात. अशा हातात पेन्सिल देऊन दोन ओळींमध्ये अक्षर बसवायला लावले की मूल पेन्सिल मुठीत आवळते, खांद्यातून जोर लावते आणि दहा मिनिटांत कंटाळते. तोच हात बोडीतली चिकणमाती तासभर मळतो, कारण तिथे सगळी बोटे कामाला लागतात आणि चुकायचे भय नसते.

डॉक्टर मुलाची वाढ तपासताना त्याला आकार बघून काढायला सांगतात. साधारण तिसऱ्या वर्षी गोल जमतो, चौथ्याच्या सुमारास अधिकाची खूण, साडेचार-पाचला चौकोन आणि त्रिकोण त्याच्याही नंतर. तिरकी रेघ हाताला सर्वांत उशिरा साधते. आता इंग्रजीचे पहिले अक्षर डोळ्यांसमोर आणा : दोन तिरक्या रेघा आणि मधली आडवी! त्यापेक्षा आपला ‘व’ बरा, एक गोल आणि एक उभी रेघ. तुमचा मुलगा फरशीवर जी वेटोळी काढतो, ती ‘व’, ‘ब’, ‘क’ यांचीच पूर्वतयारी आहे. शेजारची मुलगी हुशार असेलही, पण चौथ्या वर्षी अक्षर गिरवले म्हणून दहाव्या वर्षी कोणी पुढे राहतो असे नाही.

दुसरी गोष्ट चित्रातली. या वयातली मुले माणूस काढतात तेव्हा डोक्यालाच पाय फुटलेले असतात, पोटाचा पत्ता नसतो. जगभर हे असेच आहे. मूल जे दिसते ते काढत नाही, त्याला जे महत्त्वाचे वाटते ते काढते. एका रेघेला ‘हा माझा आबा’ म्हणता येणे ही फार मोठी उडी आहे, कारण अक्षर म्हणजेही शेवटी एखाद्या आवाजाच्या जागी ठेवलेली रेघच. म्हणून ‘आबाचं पोट कुठं आहे?’ असे विचारू नका. ‘आबा काय करून राहिला?’ एवढे विचारा आणि ऐका. चित्राचा निम्मा फायदा त्या उत्तरात असतो.

आता एक कबुली द्यायला हवी. चित्रकलेने गणित सुधारते, बुद्धी वाढते अशा जाहिराती क्लासवाले करतात. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ साली जगभरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा चित्रकलेमुळे गणित सुधारल्याचा पक्का पुरावा सापडला नाही. नाटकाबाबत मात्र सापडला : वर्गात गोष्ट करून दाखवणाऱ्या मुलांची भाषेची समज वाढते. आपण झाडीपट्टीतली माणसे. धान निघाले की ज्या मुलखात दंडार उभी राहते, नाटकाचा मंडप पडतो, तिथल्या पोराला घरात टॉवेलचा फेटा बांधून पाटील व्हायचे असेल तर त्याला कोणी ‘चूप बस’ म्हणू नये.

कलेतून शिकवण्याचा हा विचार काही परदेशातून आलेला नाही. नागपूर ओलांडले की वर्धा, तिथे सेवाग्राम. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये नई तालीम पद्धतीच्या शाळेतल्या मुलांना कला शिकवायला तिथे आले आणि कला हाच शिक्षणाचा पाया, ही मांडणी त्यांनी पुढे पुस्तकात केली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला बालवाडी गावात नेली. तिथे पाने, बिया, माती हेच साहित्य होते. तुमच्या अंगणवाडीच्या ताई त्याच वाटेने चालल्या आहेत.

मला खटकतात त्या स्पर्धा. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. नागपुरात तो दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केला असे मानतात. मूल लाकडी बैल सजवते, मिरवते, घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागते. यापेक्षा चांगला कलेचा तास कुठल्या शाळेत होतो? पण हल्ली बक्षिसाच्या ढालीसाठी बैल बापच सजवतो, आई लाइटिंग लावते आणि पोरगं नुसते दोर धरून फोटोत उभे. अमेरिकेत १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. आवडीने चित्रे काढणाऱ्या काही मुलांना ‘काढलंस तर बक्षीस’ असे आधीच सांगितले. काही दिवसांनी तीच मुले मोकळ्या वेळात इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. ज्यांना बक्षीस न सांगता अचानक मिळाले, त्यांची आवड मात्र टिकली. बोजारा चालेल, ढाल नको.

छापील रंगवायच्या पुस्तकांवर पैसे घालवू नका. त्यांतून रेघेच्या आत राहायचे तेवढे समजते. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी हे ठरावीक चित्रही शिकवू नका. तलावांच्या जिल्ह्यातल्या मुलाने तलाव, बांध, रोवणा आणि बगळे काढावेत. त्याला पाटी, जाड खडू, कोळसा, गेरू, हळदीचे पाणी, वर्तमानपत्राचा मोठा कागद द्या. होळीच्या दिवसांत पळसाची फुले उकळून केशरी रंग करता येतो. चुना मात्र देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते.

आणि एक लक्षात ठेवा. साडेचार वर्षे झाली तरी गोल जमत नाही, रंग किंवा माती दिसली की मूल हात सारखा मागे घेते, काढलेल्या चित्राबद्दल मूल काहीच बोलत नाही, असे दिसले तर शिकवणी लावू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. ताईंना तारीख विचारून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः हजर राहून डॉक्टरांना हे सांगा. तपासणी मोफत असते.