नारीन नदीचे पाणी

हिमालयाच्या पार उत्तरेला, मध्य आशियात, किरगिझस्तान नावाचा डोंगराळ देश आहे. तिथल्या तियानशान पर्वतावरचे बर्फ उन्हाळ्यात वितळते. त्यामुळे पाऊस नसतानाही नारीन नदी फुगते!

८०७ किलोमीटर धावून नारीन उझबेकिस्तानात उतरते. तिथे तिला कारादर्या मिळते. दोघींची मिळून सीरदर्या होते. तिच्या पाण्यावर खाली कापूस पिकतो.

वर डोंगरात तोक्तोगुलचे धरण आहे. उंची २१५ मीटर. तिथे १९७५ पासून वीज होते. आता अडचण बघा. कापसाला पाणी हवे उन्हाळ्यात. वरच्यांना वीज हवी कडाक्याच्या थंडीत. वीज करायची तर पाणी सोडावे लागते, आणि सोडलेले पाणी काही परत वर चढत नाही. आम्हांला तर दोघांचीही गरज खरी वाटते.

१९९१ पर्यंत सारे एकाच सोव्हिएत राज्यात होते. हिवाळ्यात खालून कोळसा नि गॅस वर जाई, उन्हाळ्यात वरून पाणी येई. मग देश वेगळे झाले. कोळशाला रोख पैसे पडू लागले. वरच्यांनी हिवाळ्यातच पाणी सोडले. खाली थंडीत पूर, नि ऐन उन्हाळ्यात पाट कोरडे!

१९९८ साली किरगिझस्तान, उझबेकिस्तान आणि कझाकस्तान यांनी करार केला. उन्हाळ्यात पाणी द्यायचे, बदल्यात इंधन घ्यायचे. पण पाणी किती, कोळसा किती, याची घासाघीस पुढेही दरसाल होतच राहिली.