छातीत पाणी : प्रत्येक वेळी टी.बी.च असेल असे नाही

आपल्या भागात 'छातीत पाणी झाले' म्हटले की टी.बी.ची आठवण होते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु औषधे नियमित घेऊनही पाणी पुन्हा पुन्हा भरत असेल, तर एका दुर्मिळ कर्करोगाचा विचार करावा लागतो. त्याचे नाव मेसोथेलिओमा.

फुप्फुसाभोवती पातळ, दुपदरी आवरण असते. हा रोग त्या आवरणात सुरू होतो. त्याचे मुख्य कारण म्हणजे ॲस्बेस्टॉसची धूळ. या खनिजाचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे आत जातात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत. आवरणाचा वर्षानुवर्षे दाह होऊन पेशी बिघडतात. धुळीच्या संपर्कानंतर रोग दिसायला बहुधा २० ते ५० वर्षे लागतात. तोवर रुग्ण ते काम विसरूनही गेलेला असतो. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील डॉ. वॅगनर व सहकाऱ्यांनी असे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांत खाणीत काम न केलेले, नुसते जवळ राहिलेले लोकही होते.

सुरुवातीला धाप लागते, एका बाजूला छाती दुखते. मग पाणी साठते. पुढे आवरणावरील गाठी एकमेकींत मिसळून करवंटीसारखे कवच बनते व फुप्फुस फुगेनासे होते. वजन घटते. निदानानंतर पुष्कळ रुग्ण वर्ष-दीड वर्षच जगतात. औषधोपचाराने काहींचे आयुष्य वाढते, त्रासही कमी होतो.

नुसत्या पाण्याच्या तपासणीत निदान अनेकदा हुकते. सी.टी. स्कॅन करून, दुर्बिणीने आवरणाचा तुकडा काढून तपासावा लागतो. त्यासाठी घाटी किंवा शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवावे. मात्र डॉक्टरांना न विचारता टी.बी.चे औषध बंद करू नये.

आपल्या घरांवरील सिमेंटच्या अनेक पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. धडधाकट पत्र्यापासून फारसा धोका नाही. तो कापताना, भोके पाडताना, फोडताना धूळ उडते. पत्रा आधी पाण्याने भिजवावा, मुलांना दूर ठेवावे, भुगा कोरडा झाडू नये. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही.

ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम केलेल्यांनी ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे व नोकरीची कागदपत्रे जपून ठेवावीत. कायद्याने हा व्यवसायजन्य रोग मानला असून भरपाई मागता येते. कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच दिला आहे.