घटक ६ : आवडलेला चित्रपट सुचवताना – शिफारसलेखनाचे स्वरूप

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस चित्रपटसमीक्षण आणि चित्रपटाची शिफारस यांतील भेद स्पष्ट करता येईल. शिफारस कोणासाठी आहे यानुसार लेखनाचा आशय व भाषा कशी बदलते हे सांगता येईल. कथानकाचा किती भाग उघड करावा याचा निर्णय सकारण घेता येईल. आणि स्वतःला आवडलेल्या एका चित्रपटाविषयी दीडशे ते दोनशे शब्दांचे टिपण लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण वृत्तपत्रीय चित्रपटसमीक्षणाचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकातील लेखनप्रकार त्याहून साधा भासतो. ‘हा चित्रपट पाहा’ असे आपण सर्वचजण कोणाला ना कोणाला सांगत असतो. त्यासाठी स्वतंत्र घटक कशाला, असा प्रश्न आपणांस पडणे स्वाभाविक आहे. परंतु बोलताना आपला चेहरा, आवाज आणि समोरच्याशी असलेली जुनी ओळख आपल्या मदतीला असते. कागदावर यांपैकी काहीच उरत नाही. तेथे केवळ ‘अप्रतिम’ हा शब्द उरतो, आणि तो प्रत्येक जाहिरातीवर आधीच छापलेला असतो.

आपल्याकडे या लेखनाला एक परंपरा आहे. १९४७ साली स्थापन झालेली कलकत्ता फिल्म सोसायटी, १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली उभा राहिलेला फिल्म सोसायट्यांचा महासंघ आणि १९६८ पासून मुंबईत कार्यरत असलेले प्रभात चित्र मंडळ या संस्थांनी रसिकांना एकत्र बसून चित्रपट पाहण्याची व त्यावर बोलण्याची सवय लावली. खेळापूर्वी हाती येणारे एखाद-दोन पानांचे परिचयपत्रक हे शिफारसलेखनाचेच एक रूप होय. प्रेक्षक आधीच सभागृहात येऊन बसलेला आहे. त्याला आता फक्त दार दाखवायचे आहे, एवढाच त्या पत्रकाचा हेतू असतो.

६.२ समीक्षण आणि शिफारस

समीक्षक चित्रपटाचे मूल्यमापन करतो. त्याचा वाचक अनोळखी व असंख्य असतो आणि चित्रपट न आवडल्यास तसे लिहिण्यास समीक्षक बांधलेला असतो. शिफारस करणाऱ्याने आपली निवड आधीच केलेली असते. त्याचे काम मूल्य ठरवण्याचे नसून एका विशिष्ट चित्रपटाची एका विशिष्ट माणसाशी गाठ घालून देण्याचे आहे. म्हणून समीक्षण फसले तर वाचक समीक्षकाशी असहमत होतो. शिफारस फसली तर माणसाचे दोन-अडीच तास जातात आणि पुढच्या वेळी तो आपला शब्द धरत नाही.

याचा अर्थ शिफारसलेखनात चिकित्सेला स्थान नाही असा नव्हे. आपल्याला चित्रपट का आवडला, हे स्वतःला नेमके कळल्याशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. ‘कथा सुंदर आहे, अभिनय उत्तम आहे, छायाचित्रण नेत्रसुखद आहे’ हे वाक्य कोणत्याही चित्रपटाला लावता येते. जे वाक्य दुसऱ्या चित्रपटाला लावता येत नाही, तेच शिफारशीचे खरे वाक्य समजावे.

६.३ शिफारस कोणासाठी?

एक उदाहरण घेऊ. ‘संत तुकाराम’ हा प्रभात फिल्म कंपनीचा, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला १९३६ सालचा चित्रपट. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. ही माहिती चित्रपटाच्या इतिहासात रस असणाऱ्याला पुरेशी आहे. परंतु आपल्या घरातील विशीतील तरुणाला ती सांगून काय उपयोग? कृष्णधवल चित्र, जुना ध्वनी आणि संतचरित्र ही तीन कारणे त्याने तो न पाहण्यासाठी आधीच तयार ठेवलेली असतात.

त्याला जिजाईविषयी सांगावे. विष्णुपंत पागनीस यांचा तुकोबा मनात ठसतो हे खरेच. पण गौरी या अभिनेत्रीने उभी केलेली जिजाई नव्या प्रेक्षकाला अधिक लवकर आपलीशी वाटते. घरात दाणा नाही, मुले भुकेली आहेत, आणि नवरा आलेले धान्य वाटून मोकळा होतो. अशा संसारातील ही बाई देवावर चिडते, थेट देवळात जाऊन त्याला जाब विचारते. भक्तीच्या चित्रपटात भक्तीची किंमत मोजणाऱ्या स्त्रीला एवढी जागा मिळावी, हे आजही नवल वाटण्यासारखे आहे. हाच चित्रपट अभंगाची गोडी असणाऱ्या वडीलधाऱ्या गृहस्थांना सुचवायचा असेल तर प्रारंभ वेगळा हवा: त्यातील शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद अभंगाच्या इतके वळणाचे आहे की ते तुकोबांचेच आहे असे अनेकजण समजत आले. चित्रपट एकच; त्याची दारे दोन.

६.४ किती सांगावे आणि किती राखावे?

शेवट सांगू नये, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. परंतु प्रत्येक चित्रपटात ‘शेवट’ एकाच ठिकाणी नसतो. तुकोबांचे वैकुंठगमन मराठी माणसाला सांगण्याने काहीच उघड होत नाही. त्या क्षणी जिजाई काय करते, हे मात्र राखून ठेवण्यासारखे आहे. विजय तेंडुलकर लिखित आणि जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’ या चित्रपटात निळू फुले यांचा हिंदुराव आणि श्रीराम लागू यांचा मास्तर यांच्यामध्ये एक प्रश्न उभा आहे: मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले? हा प्रश्न शिफारशीत जरूर सांगावा, कारण चित्रपटाची ओढ त्या प्रश्नातच आहे. उत्तर सांगू नये.

येथवर नियम सोपा आहे. तो अवघड केव्हा होतो, हे प्रस्तुत लेखकाला एका चुकीतून कळले. उमेश कुलकर्णी दिग्दर्शित ‘विहीर’ हा २००९ सालचा चित्रपट मी एका स्नेह्यांना आग्रहाने सुचवला. दोन मावसभाऊ, सुटीतले आजोळ, विहिरीत पोहणे, असे मी रंगवून सांगितले. पुढे काय घडते ते सांगितले नाही. रसभंग नको म्हणून. त्या स्नेह्यांचा धाकटा भाऊ वर्षभरापूर्वीच गेला होता, आणि हे मला माहीत होते. त्यांनी चित्रपट अर्ध्यावर बंद केला व कितीतरी दिवस माझ्याशी बोलणे टाळले. मी ज्याला रसरक्षण समजत होतो, तो माझा निष्काळजीपणा होता. ‘यात जवळच्या माणसाचे जाणे आहे, मन तयार असेल तेव्हाच पाहा’ एवढे एक वाक्य पुरले असते. त्याने चित्रपटाचे काहीच बिघडले नसते. पुढे दोन वर्षांनी त्यांनी तो आपणहून पूर्ण पाहिला आणि त्यावर माझ्याशी दीर्घकाळ बोलले; पण केव्हा पाहायचा हे ठरवण्याचा अधिकार पहिल्याच वेळी त्यांच्याकडे असायला हवा होता.

तेव्हा कथानक राखणे आणि माणूस जपणे यांत विरोध आल्यास माणसाकडे झुकावे. घटना न सांगता तिचे स्वरूप सूचित करता येते. भाषेचे कौशल्य लागते ते येथे.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : आपण पाहिलेल्या एखाद्या चित्रपटात ‘राखून ठेवावे’ असे नेमके स्थळ कोणते? ते न सांगता त्याची ओढ निर्माण करणारे एक वाक्य लिहा.

६.५ एक नमुना आणि त्याचे दुसरे लेखन

नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाविषयीचे पुढील टिपण वाचा.

“फँड्री हा एक अप्रतिम व हृदयस्पर्शी चित्रपट असून त्यात जातिव्यवस्थेवर प्रखर भाष्य केले आहे. सर्वच कलाकारांनी आपापल्या भूमिकांना न्याय दिला आहे. दिग्दर्शन वास्तववादी आहे. शेवट तर सुन्न करणारा आहे. प्रत्येकाने एकदा तरी अवश्य पाहावा असा हा चित्रपट आहे.”

यात असत्य काहीच नाही आणि तरीही वाचकाच्या हाती काही लागत नाही. ‘प्रखर भाष्य’ म्हटल्यावर व्याख्यानाची अपेक्षा होते. ‘सुन्न करणारा शेवट’ असे सांगितल्यावर प्रेक्षक शेवटाची वाट पाहत बसतो आणि मधला चित्रपट त्याच्या हातून निसटतो. ‘प्रत्येकाने’ हा शब्द तर सर्वांत आळशी आहे. आता याच टिपणाचे दुसरे लेखन पाहा. ते चित्रपट फारसे न पाहणाऱ्या, पण खेड्यातील शाळेत शिकवलेल्या एका शिक्षिकेसाठी आहे.

“बाई, तुमच्या वर्गातला एखादा मागच्या बाकावरचा मुलगा आठवतोय का, जो फळ्यापेक्षा एका मुलीकडे अधिक पाहायचा? जब्या तसाच आहे. शालूचे मन वळावे म्हणून तो मित्राला घेऊन काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो. तिची राख उपयोगी पडते असे त्याने ऐकले आहे. पहिला बराच वेळ तुम्ही हसत पाहाल. पण जब्याचे घर गावाबाहेर आहे, आणि गावात डुकरे मोकाट सुटली की ती पकडण्यासाठी त्याच्याच बापाला बोलावणे येते. किशोर कदम यांनी केलेला तो बाप पाहताना त्याचा राग येईल आणि मग राग येण्याची लाज वाटेल. शाळा, प्रार्थना आणि भिंतीवरची थोरांची चित्रे कुठे कुठे येतात, तिकडे तुमचे लक्ष जाईलच. एकटीने पाहू नका. पाहून झाल्यावर बोलायला कोणीतरी हवे.”

दुसऱ्या टिपणात ‘जातिव्यवस्था’ हा शब्द नाही. पण गावाबाहेरचे घर आणि बापाला येणारे बोलावणे यांतून वाचक तेथे आपोआप पोहोचतो. चित्रपटही त्याच वाटेने जातो, हे लक्षात घ्यावे. ‘फँड्री’ या शब्दाचा कैकाडी बोलीतील अर्थ येथे सांगितलेला नाही. तो सांगावा की नाही याविषयी मतभेद संभवतो. अर्थ आधी माहीत असल्यास शीर्षक पहिल्यापासून बोचू लागते, नसल्यास ते मध्येच बोचते. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. शेवटच्या दृश्याविषयी मात्र या घटकातही मुद्दामच काही लिहिलेले नाही.

आणखी एक बाब. हेच टिपण जब्यासारखे बालपण गेलेल्या वाचकाला पाठवता येईल का? ‘पहिला बराच वेळ तुम्ही हसत पाहाल’ असे त्याला सांगणे उद्धटपणाचे ठरेल. त्याला काय सुचवावे यापेक्षा त्याने तो पाहिला आहे का, पाहिला असल्यास त्याला काय वाटले, हे विचारणे अधिक उचित. काही वेळा शिफारस ऐकूनच घ्यायची असते.

६.६ अडचणही सांगावी

चैतन्य ताम्हाणे दिग्दर्शित ‘कोर्ट’ला २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात ‘होरायझन्स’ विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुरस्कारांच्या बळावर तो सुचवला गेला आणि अनेकांना कंटाळवाणा वाटला. याचा दोष शिफारशीचा आहे. या चित्रपटात कॅमेरा दीर्घकाळ एका जागी स्थिर राहतो. खटला पुढच्या तारखेवर जातो आणि आपण सरकारी वकील बाईंच्या मागोमाग त्यांच्या घरी, स्वयंपाकापर्यंत जातो. वृद्ध लोकशाहिरावरील आरोप किती विचित्र आहे, हे कोणी ओरडून सांगत नाही. ‘गती संथ आहे, पण न्यायालयात ताटकळलेल्या माणसाला ती गती ओळखीची वाटेल’ असे आधीच म्हटले तर संथपणा हा दोष न राहता पाहण्याची पूर्वतयारी होते. एरवी अडचण लपवून केलेली शिफारस विक्रेत्याच्या बोलण्यासारखी वाटू लागते.

६.७ स्वाध्याय

(अ) वरील दोन्ही नमुन्यांतील क्रियापदांची तुलना करा. दुसऱ्या टिपणात विशेषणांचे काम क्रियापदांनी कोठे केले आहे, ते दाखवा.

(आ) स्वतःला आवडलेला एक चित्रपट निवडा. त्याविषयी दोन टिपणे लिहा : एक आपल्याहून वयाने मोठ्या आप्तांसाठी, दुसरे सहकाऱ्यासाठी. ‘अप्रतिम’, ‘सुंदर’, ‘हृदयस्पर्शी’ व ‘अवश्य’ हे शब्द वापरू नयेत.

(इ) त्यांपैकी एक टिपण प्रत्यक्ष त्या व्यक्तीस द्या. तिने चित्रपट पाहिल्यानंतर काय सांगितले आणि आपल्या टिपणातील कोणते वाक्य तिला आठवत होते, याची नोंद संपर्कसत्राच्या वेळी सोबत आणा. तिने चित्रपट पाहिला नसल्यास तसेही नोंदवावे.